फेटरीच्या प्लॉटवरील लहान घर : कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

दादा : सर्वांना नमस्कार. नागपूरजवळच्या फेटरीच्या प्लॉटवर साधारण 300 चौरस फुटांचे घर, जमेल तितके स्वतःच्या हाताने, बांधण्याचा माझा विचार आहे. अमेरिकेत चाकांवर उभारलेल्या अशा घरांत झोपण्याची जागा छताखालच्या माळ्यावर असते आणि खालची खोली मोकळी राहते. ती रचना मला आवडली आहे. मोठे बाबा, आपला जन्म बांधकामावर गेला, म्हणून आपले मत हवे.

मोठे बाबा : घर अवश्य बांध, पण चाके आणि माळा तिकडेच राहू दे. तिकडे चाके हौसेने आलेली नाहीत. अनेक गावांच्या नियमांत घराचे किमान क्षेत्रफळ ठरलेले असल्याने त्याहून लहान घराला परवानगी मिळत नसे, आणि ट्रेलरवर उभारले की ते कागदोपत्री वाहन ठरे. वेगळ्या परवान्याशिवाय रस्त्यावरून नेता यावे म्हणून त्याची रुंदी साडेआठ फुटांत बसवावी लागते, मग जागा उंचीतच शोधावी लागते. तुझ्या प्लॉटवर ही अडचण कुठे आहे? आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, खोलीतील सर्वांत गरम हवा छताखाली साचते आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. त्याच्याखाली चार फुटांवर अंथरूण घालणार असशील, तर पापड भाजायला वेगळी शेगडी घेऊ नकोस.

मोठी आई : नागपुरात महाल भागातल्या घरी आम्ही नऊ माणसे दोन खोल्यांत राहत होतो, परंतु उन्हाळ्यात त्या खोल्यांत कोणीच झोपत नसे, संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडले जाई आणि रात्री तिथेच गाद्या पडत. खोली लहान चालेल, छपरी, म्हणजे बाहेरची ओसरी, मोठी ठेव.

मोठे बाबा : हेच मी लिहिणार होतो. खोली 12 बाय 14, स्वयंपाकघर 7 बाय 8 आणि न्हाणी-संडास मिळून 5 बाय 7 धरले, तर भिंतींसह तुझे 300 फूट जवळजवळ संपतात. राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याची खोली किमान 9.5 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 102 चौरस फूट, सांगितली आहे. त्यात तू आरामात बसतोस. छपरी मात्र या हिशेबाबाहेर, पश्चिमेला, आठ फूट खोल आणि कवेलूंची, म्हणजे कौलांची, असावी, कारण दुपारनंतरचे ऊन त्याच भिंतीवर येते. सेवाग्रामची बापू कुटी पुन्हा एकदा जाऊन पाहा. माती, बांबू आणि कवेलूंच्या त्या घरात सावलीचा विचार किती बारकाईने केला आहे ते कळेल. भिंतींसाठी विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याची, वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली पद्धत वापर. विटा सुमारे चतुर्थांश कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णताही आत कमी येते. ते काम जाणणारा मिस्त्री मात्र शोधावा लागेल. कूलरच्या समोरच्या भिंतीत खिडकी विसरू नकोस. हवा बाहेर पडली नाही, तर कूलर नुसता दमटपणा वाढवतो.

आत्या : नेहमीच्या घरापेक्षा आकार निम्मा, म्हणजे खर्चही निम्माच ना?

मोठे बाबा : नाही. बोअर, वीजजोडणी, सेप्टिक टँक आणि नकाशाची मंजुरी यांचा खर्च घराच्या आकाराने फारसा घटत नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणी हे घराचे सर्वांत महाग भाग तर तसेच राहतात. शिवाय तिथे काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात, आणि हलके घर तिच्यावर अधिक सहज उचलले जाते. त्यामुळे पाया मुरमापर्यंत न्यावा लागेल. मुरूम फार खोल लागला, तर खाली फुगीर बल्ब असलेल्या पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घ्याव्या लागतील. त्या मातीत पाणीही नीट मुरत नाही, म्हणून शोषखड्ड्याचा वेगळा विचार करावा लागेल.

दादा : मग स्वतःच्या हाताने काय करू?

मोठे बाबा : रंग, फडताळे, गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवणे, हे सर्व तू कर. पाया, सळई आणि वायरिंगला हात लावू नकोस. नकाशा महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून मंजूर होईपर्यंत वीटही उतरवू नकोस, कारण घर लहान असले म्हणून परवानगी टळत नाही.

दादा : रविवारी सकाळी दोन मजूर घेऊन प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे खोदतो. मुरूम किती फुटांवर लागला ते मोजून, फोटोसह, इथेच कळवीन.

मोठी आई : टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन जा.