एनर्जी लागतच नाही तर पेशीच्या मेम्ब्रेनमध्ये (आवरणात) प्रोटीन कशाला?

नीटवाला_नाशिक: बारावी सायन्सला आहे, कॉलेज रोडला क्लास लावलाय. सर सांगतात फॅसिलिटेटेड डिफ्युजनला (प्रोटीनच्या मदतीने आतबाहेर जाणं) एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागत नाही, जास्तीकडून कमीकडेच जातं, मग आपोआप जाऊ दे ना, मधे प्रोटीन कशाला? आणि अ‍ॅक्टिव्ह ट्रान्सपोर्टमध्ये पण प्रोटीनच, मग फरक काय राहिला? पाठ आहे सगळं पण डोक्यात बसत नाहीये. आणि पप्पा म्हणतात अवकाळीत द्राक्षाचे मणी तडकतात तेही ऑस्मोसिसच (पाणी मेम्ब्रेनमधून जास्त साखर-मिठाच्या बाजूला जाणं), खरंय का?

बीएस्सीवाली: तू दोन प्रश्नांची खिचडी केलीयेस. वाट आहे का हा एक, जोर लागतो का हा दुसरा. मेम्ब्रेन म्हणजे लिपिडचे दोन थर, आतला भाग तेलकट. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड त्यातून आरामात जातात, पण ग्लुकोज अडतो आणि आयनांना (विद्युतभार असलेल्या कणांना) तर जवळजवळ नो एंट्रीच. म्हणून तांबड्या पेशींवर ग्लूट-१ नावाचं प्रोटीन असतं, ते बाहेरून ग्लुकोज धरतं, स्वतःचा आकार बदलतं आणि आत सोडतं, एटीपी शून्य. बाहेर ग्लुकोज वाढवत गेलास तर एका पॉइंटनंतर वेग वाढायचा थांबतो कारण सगळी प्रोटीनं बिझी. प्रोटीनशिवायच्या सिंपल डिफ्युजनमध्ये असं होत नाही, ग्राफ दिला तर हेच बघायचं. अ‍ॅक्टिव्हमध्ये कमीकडून जास्तीकडे न्यायचं असतं, सोडियम-पोटॅशियम पंप एका एटीपीवर ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. पाणी मेम्ब्रेनमधून थोडंफार असंच झिरपतं, भराभर जायला अ‍ॅक्वापोरिन नावाचं प्रोटीन, त्याच्या शोधासाठी पीटर आग्रेंना २००३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं (निम्मं, बाकीचं आयन चॅनलवाल्या मॅकिनन यांना).

निफाडकर_बाग: पप्पा बरोबर बोलतात. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी पिकायला लागला, की साखर भरत जाते, मग पाऊस झाला की पाणी सालीतूनही शिरतं आणि मुळीकडूनही येतं, वर ढगाळ हवा, पानातून उडत काहीच नाही, साल ताणून ताणून किती ताणणार, तडकतेच. पण बेदाण्याचं यात घालू नको हां, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवतो ते सालीवरच्या मेणासाठी, मेम्ब्रेनसाठी नाही. आता मॅडम माझंही एक सांगा, काळ्या रानात पाणी साचलं की ड्रीपमधून कितीही खत सोडा, वेल पिवळीच, खत तर मुळीजवळच आहे ना?

बीएस्सीवाली: दादा हाच तर अ‍ॅक्टिव्ह ट्रान्सपोर्ट. नायट्रेट मुळीच्या पेशीत बाहेरपेक्षा बऱ्याचदा जास्तच असतं, ते आणखी आत ओढायला एटीपी लागतो. वनस्पतीत तो प्रोटॉन पंपावर खर्च होतो, पंप हायड्रोजन आयन बाहेर फेकतो आणि ते परत येताना नायट्रेटला आत घेऊन येतात. एटीपीला श्वसन, श्वसनाला ऑक्सिजन, आणि साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळीपर्यंत पोचतच नाही.

निफाडकर_बाग: म्हणजे वापसा (जादा पाणी निघून मातीत हवा खेळती होणं) येईपर्यंत पांढरी मुळी चालत नाही म्हणतात ते हेच. मग उद्याचं खत थांबवतो, आधी चर काढून पाणी बाहेर काढतो.

नीटवाला_नाशिक: ताई, प्रोटॉन परत येतात तेव्हा एटीपी लागत नाही ना, मग यालाच सेकंडरी अ‍ॅक्टिव्ह ट्रान्सपोर्ट म्हणतात का?

बीएस्सीवाली: हो तेच. एटीपी आधीच पंपावर खर्च झालेला असतो.