शुगर आहे आणि आता हाही त्रास सुरू झालाय, मेडिकलमधून गोळी आणू का?

घाटावरचा: वय ४६, शुगर बरीच वर्षं आहे, तंबाखू चालू आहे. दिवाळीपासून ताठरता नीट येत नाही, आली तरी टिकत नाही, आणि सकाळी उठल्यावर जे आपोआप व्हायचं तेही बंद झालंय. बायको काही बोलत नाही पण ती झोपेपर्यंत मीच मोबाईल घेऊन हॉलमध्ये बसून राहतो. मित्र म्हणतो मेडिकलमधून सिल्डेनाफिलची शंभर एमजीची गोळी आण आणि विषय संपव. स्टँडजवळच्या एका दवाखान्यात गेलो तर नाडी बघून "लहानपणच्या सवयी" म्हणाला आणि चूर्णाचे साडेचार हजार सांगितले. काय करू?

फार्मसीवाला: दादा आधी हे सांगा, छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची दुसरी कुठली गोळी चालू आहे का? असेल तर सिल्डेनाफिलला, म्हणजे मित्र सांगतोय त्या ताठरतेच्या गोळीला, हातच लावू नका, दोन्ही मिळून बीपी एकदम खाली जातं, जिवावर बेततं. नसेल तरी डॉक्टर सहसा ५० एमजीने सुरू करतात, थेट शंभर नाही. साधारण तासभर आधी घ्यायची, आणि मटणावर ताव मारून घेतली तर उशिरा लागू होते, मग लोक येऊन आमच्याशी भांडतात की गोळी डुप्लिकेट आहे. नुसती गिळून टीव्ही बघत बसलं तर काही होत नाही बरं का, मनात इच्छा पण लागते.

निशाचर: चूर्णाचा नाद सोडा!! असल्या "शंभर टक्के आयुर्वेदिक" मालात गुपचूप सिल्डेनाफिलच मिसळलेलं बऱ्याचदा सापडलंय, किती घातलंय ते कुणालाच माहीत नसतं. आणि हस्तमैथुनाने हे होत नाही, त्या भीतीवर तर यांची दुकानं चालतात.

डॉ_साधा_माणूस: सकाळचंही बंद झालंय म्हणजे नुसतं टेन्शन नसावं, रक्तवाहिन्या किंवा नसांचा भाग असणार, शुगर आणि तंबाखू दोन्ही तिथेच घाव घालतात. लिंगाच्या धमन्या जेमतेम १-२ मिमीच्या, हृदयाच्या ३-४ मिमीच्या, त्यामुळे आत थर साचायला लागला की कुरकुर आधी इथे सुरू होते आणि हार्टची काही वर्षांनी. म्हणून गोळीच्या आधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल, बीपी, ईसीजी करून घ्या, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) सकाळीच तपासतात. मग युरोलॉजिस्टकडे जा. गोळीने भागलं नाही तर पंप आहे, इंजेक्शन आहे, मार्ग संपत नाहीत. तंबाखू मात्र आजच सोडा.

माई_कोल्हापूर: भाऊ, वहिनींना सांगा हो. तुम्ही हॉलमध्ये बसता आणि ती आत पडून विचार करते की यांना आता मी नकोशी झाले का. आमच्याकडे हेच झालं होतं, शेवटी दोघं मिळून डॉक्टरकडे गेलो.

घाटावरचा: सॉर्बिट्रेट नाही, पण बीपीसाठी अटेनोलॉल चालू आहे. त्याने होतं का?

डॉ_साधा_माणूस: काहींना होतं. मनाने बंद करू नका, अचानक सोडली तर हार्टला त्रास होतो. गोळीचं पाकीटच खिशात घालून डॉक्टरकडे जा, ते बघून बदलून देतील.