रव्याला जाळी आणि एरंडेलाची डाळ

पावसाळ्यात रव्याला जाळी धरते म्हणून महिन्याचं सामान एकदम भरायचंच नाही, असं एका ताईंनी लिहिलंय. जाळी धरते हे खरं, पण म्हणून काहीच भरायचं नाही असा नियम नको. मी मे संपता संपता दोन किलो रवा मंद आचेवर कोरडाच भाजते, परातीत पूर्ण गार करते आणि मगच डब्यात भरते. गणपतीपर्यंत काही होत नाही. कोमट असतानाच झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. तो पराक्रम एकदा करून झालाय.

तूरडाळीला एरंडेल चोळायचं, किलोला चमचाभर पुरे. शिजवण्याआधी कोमट पाण्याने चोळून धुवावी लागते एवढंच. तिखटाच्या बरणीत तळाला आणि वर हिंगाचे खडे.

वर्षाचे गहू मात्र सोडले. गॅलरीत ऊन जेमतेम दोन तास, त्यात पन्नास किलो काय वाळणार!

सासूबाई डब्यावर खडूने महिना लिहायच्या, मी कागदी चिकटपट्टी लावते. तरी परवा मागच्या फळीवर गेल्या दिवाळीचे पातळ पोहे सापडलेच.