आजीचा अंगठा मशीनवर लागत नाही म्हणून रेशन बंद, काय करता येईल?

डोंगरवाट_पाटण
नमस्कार मंडळी. माझी आजी गावाकडे एकटी राहते, वय ऐंशीच्या पुढं. सगळं आयुष्य भातलावणी, नाचणी, शेणामातीत गेलं त्यामुळे बोटांवरच्या रेषा पार झिजून गेल्यात. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवला की मॅच होत नाही, पदराला पुसून परत ठेवायचा, परत तेच. दुकानदार तिला चांगला ओळखतो, मावशी म्हणतो, कार्ड हातात आहे, आधार आहे, पण म्हणतो मशीनच घेत नाही तर मी काय करू मावशी. ती आपली पिशवी घेऊन उन्हातनं परत येते.
एक तर यावर उपाय काय ते सांगा. आणि दुसरं, हे बरोबर आहे का? आख्खा गाव सांगतोय की ही तीच बाई आहे, मशीन एकटं नाही म्हणतंय आणि खरं मशीनचं धरलं जातंय.

सेवाकेंद्र_दादा
भाऊ, मी केंद्र चालवतो, असे म्हातारे लोक रोज येतात, बांधकामावरचे मजूर आणि भांडीवाल्या मावशीपण. आधी सोपं ते करा. अंगठाच पाहिजे असं नसतं, दहाही बोटं लावून बघा, करंगळी नाहीतर अनामिका बऱ्याचदा लागते कारण ती कमी झिजते. मग आधार केंद्रावर नेऊन बायोमेट्रिक अपडेट करून घ्या. मोबाईल नंबर आधारला लिंक नसेल तर तोही करा, पोस्टमन घरी येऊन करून देतात. नंबर लिंक असला की ओटीपीचा मार्ग मोकळा होतो, ई-केवायसी, म्हणजे ऑनलाईन ओळख पडताळणी, तर आता चेहरा दाखवूनही होते.
आणि हे नीट लक्षात ठेवा. 24 ऑक्टोबर 2017 ला केंद्राच्या अन्न विभागाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलंय, बोटं मॅच झाली नाहीत किंवा नेट गेलं म्हणून कुणालाही धान्याशिवाय परत पाठवायचं नाही, कार्ड बघून द्यायचं आणि वेगळ्या रजिस्टरला नोंद करायची. दुकानदारांना ते माहीत नसतं, किंवा माहीत असून नोंदीची कटकट नको असते. नाहीच ऐकलं तर 1967 या रेशनच्या हेल्पलाईन नंबरवर फोन आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी 5 किलो हा हक्क आहे, तो मिळाला नाही तर भत्ता द्यायची तरतूदपण त्यातच आहे.

बालाघाटची_लेक
आजीबद्दल वाईट वाटलं, पण दुसरी बाजू पण लिहिते. आमच्याकडे बीडला पूर्वी वहीत दुकानदारच अंगठे उठवायचा, मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललं जायचं. आणि ऊसतोडीला टोळ्या दिवाळीच्या आसपास कोल्हापूर सांगलीकडं निघाल्या की गावचं धान्य गेलंच म्हणून समजायचं. आता कार्ड ऑनलाईन झाल्यामुळे तिकडच्या दुकानातही उचलता येतं, कोप्यांवर, म्हणजे ऊसतोडीच्या तात्पुरत्या झोपड्यांत राहणाऱ्या बायांना याचा खरोखर आधार आहे. त्यामुळे मशीनच नको असं मी तरी म्हणणार नाही.
पण त्या मशीनला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे पण बघा ना. अंगठा घेतात, पावती 20 किलोची निघते आणि काट्यावर 18 किलो येतं. ही चोरी मशीनच्या हिशोबात बसतच नाही, तिथं सगळं ओके. म्हणजे बाईनं प्रत्येक वेळी स्वतःला सिद्ध करायचं आणि मापात मारणाऱ्याला कुणी विचारायचं नाही, हा माझा राग आहे.

थेम्सकाठचा_सातारकर
मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागावर लिहितो कारण इथं इंग्लंडमधे हेच फार भयंकर रूपात घडलंय. इथल्या पोस्टात 1999 पासून फुजित्सु कंपनीची होरायझन नावाची कॉम्प्युटर सिस्टीम आली. गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसं चालवणाऱ्या लोकांच्या हिशोबात अचानक हजारो पौंडांची तूट दिसायला लागली. तूट खरी नव्हती, सॉफ्टवेअरची चूक होती. पण हेल्पलाईनवर फोन केला की लोकांना सांगायचे, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. 900 हून जास्त लोकांना चोरी नाहीतर खोट्या हिशोबासाठी दोषी ठरवलं गेलं. त्यात आपले भारतीय वंशाचे बरेच होते, सीमा मिश्रा नावाच्या बाईंना तर 2010 मधे गरोदर असताना तुरुंगात टाकलं, निर्दोष ठरायला 2021 उजाडलं. काहींनी तर जीव दिला. कोर्टात सिस्टीम सदोष असल्याचं सिद्ध झालं 2019 ला, आणि सरसकट शिक्षा रद्द करायला 2024 मधे वेगळा कायदा करावा लागला.
मुद्दा हा की इथल्या कायद्यानं कॉम्प्युटर बरोबर चालतोय असंच गृहीत धरलेलं होतं, चूक आहे हे आरोपीनं दाखवायचं. आणि सिस्टीमच्या आतली माहिती सगळी कंपनीकडं, मग तो बिचारा दाखवणार कशानं? आजीचं तेच आहे. का मॅच झालं नाही हे तिला कुणी सांगत नाही, हातात कागदसुद्धा देत नाहीत. निदान नकाराची कारणासकट पावती निघाली पाहिजे, म्हणजे ती घेऊन पुढं भांडता तरी येईल.

डोंगरवाट_पाटण
सगळ्यांचे मनापासून आभार. पावतीचं एकदम पटलं, आत्ता आजीकडे रेशन मिळालं नाही याचा काहीच पुरावा नाही, कार्ड बघितलं तर वाटेल तीच न्यायला आली नाही. आधार सुरू झालं ते 2010 ला आपल्याच नंदुरबारच्या टेंभली गावातून, गरिबाला ओळख मिळावी म्हणून, आणि आज ओळख असलेली बाई रिकाम्या हाती परत येते. या शनिवारी गावी जातोय. दादा, ते 2017 चं पत्र प्रिंट काढून नेलं तर चालेल ना? आणि अर्ज दुकानदाराच्या नावाने करायचा का तहसीलदारांच्या?

सेवाकेंद्र_दादा
अर्ज तहसीलदारांच्या नावाने कर, पत्र सोबत जोड. कोणत्या महिन्याचं धान्य मिळालं नाही ते महिन्यांची नावं घालून लिही. दोन प्रती ने, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय निघू नको. शनिवारी ऑफिस बंद असतं, सोमवारपर्यंत थांब.