मालमत्ता कराच्या भरवशावर मनपाने अल्पमुदतीचं कर्ज किती घ्यावं?

बर्डीवाला_हिशेब
अभ्यासगटासाठी टिपण करतोय. नागपूरसारख्या मनपाची तिजोरी मार्चात भरते आणि पावसाळ्यापासून आटत जाते. मधल्या महिन्यांतले पगार, वीजबिल, कंत्राटदारांची देयकं भागवायला, पुढे येणाऱ्या कराच्या जोरावर वर्षाच्या आत फेडायचं कर्ज काढायचं झालं तर मर्यादा कशी ठरवायची? वार्षिक मागणीच्या (वर्षभरात बजावलेल्या करबिलांच्या रकमेच्या) २५ टक्के असा काही ठोकताळा आहे का? आणि बँकेला तारण म्हणून दाखवायचं काय?

रोखवही
टक्केवारी लावू नका भाऊ, तिथेच गाडी घसरते. महिनावार जमाखर्चाचा तक्ता मांडा आणि साचत गेलेली तूट सगळ्यात खोल कुठे जाते ते बघा. गरज तेवढीच.

काल्पनिक आकडे घेऊ, सगळे कोटींत. सुरुवातीची शिल्लक २०. खर्च दरमहा १००, फक्त ऑक्टोबरात दिवाळीमुळे ११०. राज्याकडून जीएसटी भरपाई दरमहा ६०. मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बाकीची स्वतःची जमा अशी: एप्रिल ३०, मे ३५, जून ७० (सवलतीची मुदत संपते म्हणून), जुलै २०, ऑगस्ट १५, सप्टेंबर १५, ऑक्टोबर २५, नोव्हेंबर २०, डिसेंबर ३५, जानेवारी ४०, फेब्रुवारी ५०, मार्च १३५.

वर्षाची जमा १२१०, खर्चही १२१०. बजेट कागदावर अगदी समतोल. तरी जूनअखेर ३५ शिल्लक असलेली तिजोरी ऑगस्टअखेर उणे १०, ऑक्टोबरअखेर उणे ६० आणि डिसेंबर-जानेवारीत उणे ८५ वर जाते.

पण ८५ वरही थांबू नका, कारण महिनाअखेरचा आकडा फसवा असतो. पगार-पेन्शनचे ४५ एक तारखेला जातात आणि भरपाई पाच तारखेच्या आसपास येते, असं धरा. म्हणजे १ जानेवारीला खातं उणे १३० वर! चारच दिवस, पण बँकेची मर्यादा ८५ असेल तर पगार अडकलाच. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा तक्ता तारखेनुसार मांडायचा आणि कंत्राटदारांची देयकं दहा तारखेनंतर सोडायची.

एकरकमी कर्ज घेऊ नका, ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे मंजूर मर्यादेत लागेल तेवढंच उचलायचं आणि व्याजही तेवढ्यावरच. ९ टक्के दर धरला तर महिनाअखेरच्या उचलीवर वर्षाचं व्याज साधारण ३.२ कोटी पडतं. तेच ८५ कोटी ऑगस्टच्या सुरुवातीला उचलून आठ महिने ठेवले तर ५.१ कोटी.

डिमांड_रजिस्टर
तारणाबद्दल. मागणी म्हणजे वसुली नव्हे, एवढं पक्कं धरा. बिलावरच्या एकूण रकमेतून आधी शिक्षण कर आणि रोजगार हमी कर वजा करा. ते मनपा गोळा करते, पण पैसा राज्याचा. मग केंद्र सरकारच्या मालमत्ता काढा. संविधानाच्या अनुच्छेद २८५ मुळे त्यांच्यावर मालमत्ता कर लागत नाही, सेवाशुल्क मिळतं, तेही वाटाघाटीनंतर. नागपुरात रेल्वे आणि केंद्राची कार्यालयं पाहता ही वजाबाकी किरकोळ नाही. मग कोर्टातली प्रकरणं, दुबार नोंदी, मालक सापडत नाही अशी खुली भूखंडं.

जुनी थकबाकी तर शून्यच धरावी. महिना २ टक्के शास्ती (दंड) चढत जाते, त्यामुळे रजिस्टरवरचा आकडा फुगतो, वसुली नाही. गेल्या तीन वर्षांत चालू मागणीपैकी प्रत्यक्ष जमा किती, ते दहाही झोनचं वेगवेगळं काढा आणि तिन्हीतलं सगळ्यात कमी वर्ष धरा. सरासरी नको.

अजून एक. शास्तीमाफीची अभय योजना येणार अशी नुसती कुजबुज झाली तरी लोक भरणा थांबवतात. कर्ज चालू असताना तिची घोषणा म्हणजे स्वतःच्याच तारणाला भोक.

एस्क्रो_काका
कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १०९ खाली कर्जाला राज्य शासनाची मंजुरी लागते. नुसता सभागृहाचा ठराव पुरत नाही. फाइल जुलैत हलवली तर पैसा गरज संपल्यावर येईल, ती जानेवारीतच हलवा.

परतफेडीसाठी वेगळं एस्क्रो खातं. करवसुली आधी त्यात, ठरलेला हप्ता बाजूला, उरलेलं सर्वसाधारण निधीत. नागपूरला ही पद्धत नवी नाही. २००१ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी मनपाने ५० कोटींचे रोखे काढले, तेव्हा मालमत्ता कर आणि पाणीपट्टी अशीच एस्क्रोत बांधली होती. मात्र ते दीर्घ मुदतीचं भांडवली कर्ज. त्याची घडी पगाराच्या कर्जाला जशीच्या तशी बसत नाही. आणि एकच वसुली दोन कर्जांना बांधलेली नाही ना, ते आधी तपासा.

बर्डीवाला_हिशेब
धन्यवाद. मार्चमध्ये वसुली कमी पडली तर?

रोखवही
वरच्याच तक्त्यात बघा. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर ३१ मार्चला २० शिल्लक राहते, व्याज गेल्यावर १६.८. मार्चची वसुली १० टक्क्यांनी घटली तरी कर्ज फिटतं, ३.३ उरतात. २० टक्क्यांनी घटली की १०.२ कोटी फिटायचे राहतात. मग एप्रिलची वसुली जुन्या कर्जात जाते, पुढच्या वर्षाची सुरुवात २० ऐवजी उणे दहावर होते आणि डिसेंबरचा खड्डा ८५ चा ११५ होतो.

न्यूयॉर्क शहराचं हेच झालं. वसूल न होणाऱ्या मालमत्ता करावरसुद्धा अल्पमुदतीच्या नोटा (कर्जरोखे) काढत गेले, जुन्या फेडायला नव्या. १९७५ च्या वसंतात असं कर्ज ६ अब्ज डॉलरच्या आसपास गेलं आणि बाजाराने नवी नोट घ्यायला नकार दिला.

म्हणून करारातच घाला: वर्षातून सलग ३० दिवस खातं शून्य उचलीवर राहिलं पाहिजे. वरच्या महिनाअखेरच्या तक्त्यात त्याला जून-जुलै सोयीचे दिसतात, पण पगारामुळे १ जुलैला खातं उणे १० वर जातं, म्हणून तेही तारखेनुसार तपासा.

डिमांड_रजिस्टर
आणि तो खड्डा केंद्राच्या योजनेच्या बांधील (ठरलेल्या कामासाठीच वापरायच्या) निधीतून तात्पुरता भरू नका बाप्पा. तेही कर्जच. फक्त व्याज दिसत नाही, आणि पैसा त्याच कामावर खर्च झाला असं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायच्या वेळी पुढचा हप्ता अडकतो.