खांद्यात कॅल्शियम साठलंय: सुईने धुवायचं की शॉकवेव्ह?

प्रश्न:
वय ४४, उजवा खांदा. एक्स-रेत सुप्रास्पायनेटस टेंडनमध्ये (हात बाजूने उचलणाऱ्या स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) १४ मिमीचा साठा, कडा धूसर. सहा दिवस रात्रभर ठणका, हात बाजूने ६० अंशांपुढे जात नाही. ताप नाही. एका डॉक्टरांनी शॉकवेव्ह (बाहेरून यंत्राने दिलेले ध्वनिलहरींचे ठोके) सुचवली, दुसऱ्यांनी सोनोग्राफीत बघून सुईने साठा धुऊन काढणं. आधी काय करावं? आणि कॅल्शियमच्या गोळ्या थांबवायच्या का?

उत्तर १:
गोळ्यांचा इथे काही दोष नाही. हे हायड्रॉक्सिॲपेटाइटचे (कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज) स्फटिक टेंडनमधल्या पेशीच तयार करतात. हाडांसाठी दिल्या असतील तर चालू ठेवा.

आकारापेक्षा साठ्याची अवस्था महत्त्वाची. कडा रेघ ओढल्यासारख्या असतील तर आत खडूसारखा घट्ट ऐवज असतो, दुखणं बेताचं असतं आणि शॉकवेव्हचा विचार तिथे करतात. कडा धूसर आणि एवढा ठणका, म्हणजे शरीरानेच तो विरघळवायला घेतलाय. आत टूथपेस्टसारखा लगदा होतो, दाब वाढतो. त्या दाबानेच झोप उडते. सूज भडकलेली असताना शॉकवेव्हचे ठोके खाऊ नका.

उत्तर २:
सुईचं तंत्र नीट असेल तरच उपयोग. त्वचा आणि बर्साला (टेंडनवरची पातळ पिशवी) भूल देऊन १६ ते १८ गेजची जाडसर सुई साठ्याच्या मधोमध नेतात. सलाईनची सिरिंज सुईपेक्षा खालच्या बाजूला धरायची. दट्ट्या थोडा दाबायचा, सोडायचा. लगदा मऊ असेल तर सिरिंजमध्ये पांढरा ढग परत येतो आणि तळाशी बसतो, म्हणून तो पुन्हा आत जात नाही. गढूळ झाली की सिरिंज बदलायची.

सगळ्यात जास्त बिघडतं ते साठ्याला चारी बाजूंनी भोकं पाडल्यावर. सलाईन बाहेर झिरपतं, आत दाब टिकत नाही, परत काही येत नाही. म्हणून भोक एकच. शेवटी स्टेरॉइड बर्सामध्ये, टेंडनच्या आत नव्हे. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर तपासत राहा, ती चढते.

उत्तर ३:
सुईचीही लगेच गरज नसते. हा तीव्र टप्पा बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. तोवर सूज उतरवणारी गोळी (किडनीचा त्रास, अल्सर किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर डॉक्टरांना विचारूनच), १५ मिनिटं बर्फ, झोपताना दंडाखाली उशी. हात गळ्यात बांधून ठेवू नका, खांदा आखडेल. पुढे वाकून हात सैल सोडायचा आणि लंबकासारखा हलवायचा, दिवसातून तीनदा. गोळ्यांनी झोपच लागत नसेल तर मात्र सुई.

ताप आला किंवा खांदा लाल, गरम झाला तर थांबू नका. सांध्यातला जंतुसंसर्गही असाच दुखतो, आणि त्यात स्टेरॉइड गेलं तर घात होतो.

उत्तर ४:
स्क्लेरोडर्मा किंवा डर्मॅटोमायोसायटिसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर, स्नायूंवर उलटते असे आजार) बोटांवर, कोपरावर येणारे पांढरे खडे हे वेगळं प्रकरण, वरचं काहीच तिथे जसंच्या तसं लावू नका. ते पिळून काढले तर जखम महिनोन्महिने भरत नाही.