प्रागचा वीकेंड, मदत हवी आहे
मी जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स करतोय, पुढच्या शुक्रवारी आम्ही चौघं ट्रेनने प्रागला चाललोय, अडीच तासांचाच प्रवास आहे आणि रेसिडन्स परमिट असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही, फक्त पासपोर्ट आणि ते परमिट सोबत ठेवायचं. पण तिकडे युरो नाही, कोरुना चालतो, तर थोडी कॅश काढावी का सगळीकडे कार्ड चालतं? आमच्यातली एकजण पक्की शाकाहारी आहे, अंडंही नाही, तिला दोन दिवस नुसत्या ब्रेडवर ठेवायचं नाहीये मला. चार्ल्स ब्रिज गर्दीआधी, अगदी पहाटे बघायचाच आहे. रविवारी प्रागजवळच्या कुटना होरा गावाला जावं, का तो वेळ प्रागच्या किल्ल्यालाच द्यावा? कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा, हॉस्टेल अजून बुक व्हायचंय.